जनगणनेत आजोबा का सापडत नाहीत

आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ या दोन जनगणनांचे तक्ते शेजारी ठेवून वाचले, की बऱ्याच घरांतली माणसं दहा वर्षांत चांगली तेरा-चौदा वर्षांनी म्हातारी झालेली दिसतात. आधीच्या तक्त्यात सत्तावन्न वर्षांचा असलेला घरधनी पुढच्या तक्त्यात एकाहत्तरचा होतो आणि बायकोही त्याच चालीनं सत्तरी गाठते. एखाददुसऱ्या घरात असं असतं तर लिहिणाऱ्याची चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण हा प्रकार गावोगाव आहे आणि त्याचं कारण १ जानेवारी १९०९ या तारखेत आहे. त्या दिवसापासून ब्रिटिश सरकारनं सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन द्यायला सुरुवात केली. आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ साली. म्हणजे १९०९ मध्ये सत्तरीचा दावा करणाऱ्या एकाही माणसाकडे जन्माचा सरकारी दाखला असणं शक्य नव्हतं.

मग वयाचा पुरावा आणायचा कुठून? डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्यात १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेचे मूळ तक्ते जपून ठेवलेले होते. अर्जदारानं आईबापांची नावं आणि तेव्हाचं राहतं ठिकाण सांगायचं, कारकुनानं त्या गावाचा तक्ता काढून घर शोधायचं आणि मूल त्यात आहे की नाही, असलं तर किती वर्षांचं, हे अर्जावर लिहायचं. असे हजारो अर्ज आले. पुढे ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, फोर कोर्ट्सच्या आवारातला तो दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत गेला. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे थोडे तुकडे सोडले तर सगळं जळालं. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारनं आधीच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धातल्या कागदटंचाईत लगद्याला गेले. आज आयर्लंडमधल्या कितीतरी कुटुंबांना १८४१ च्या जनगणनेतले आपले पूर्वज भेटतात ते फक्त त्या पेन्शनच्या शोध-अर्जांवर. मूळ तक्ता गेला आणि पाच शिलिंगांसाठी केलेली त्याची नक्कल राहिली.

पूर्वजांचा शोध घेणाऱ्यानं ही गोष्ट पहिल्या दिवशीच ऐकून ठेवावी. सरकार माणसं मोजतं तेव्हा त्याला आकडा हवा असतो, नावाचं त्याला फारसं काही नसतं. नाव जपलं जातं ते देणंघेणं असतं तिथे. कर, वतन, पेन्शन, वारसा, करार, कधी गुन्हासुद्धा. त्यामुळे आपल्या खापरपणजोबांना शोधायचं असेल तर ते कुठे जन्मले हे विचारण्याआधी, त्यांचं कुणाशी काय देणंघेणं होतं, हे विचारावं.

जनगणनेतून पूर्वज शोधण्याचा छंद जगभर पसरला तो मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेमुळे. इंग्लंडमध्ये दर दहा वर्षांनी मोजणी सुरू झाली १८०१ साली, पण देशभरातल्या माणसांची नावं लिहून ती जपली गेली १८४१ पासून. तो पहिला तक्ता वाचताना सावध राहावं लागतं. पंधरा वर्षांवरच्या माणसांचं वय खालच्या पाचाच्या पटीत आणायची सूचना प्रगणकांना होती, म्हणून चोपन्नचा माणूस तिथे पन्नासचा दिसतो. कुटुंबप्रमुखाशी नातं त्यात लिहिलेलंच नाही. एका छपराखाली त्याच आडनावाची तरुणी दिसली तर ती बायको, बहीण की सून, हे १८५१ च्या तक्त्याशी ताडून पाहावं लागतं, कारण नातं आणि जन्माचा पॅरिश तिथून पुढे लिहिला जाऊ लागला.

इंग्लंडच्या तक्त्यांतला १९११ चा मला सगळ्यात बोलका वाटतो. आधीच्या जनगणनांमध्ये घरोघरची माहिती प्रगणक आपल्या वहीत उतरवून घेई आणि टिकली ती ही वही. १९११ ला मात्र कुटुंबप्रमुखानं स्वतः भरलेला कागदच जपला गेला. त्यामुळे पणजोबांचं हस्ताक्षर समोर येतं. त्या वर्षी विवाहित स्त्रियांसाठी नवे रकाने होते: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, त्यातली हयात किती, गेली किती. आठ, पाच, तीन, असे आकडे ओळीनं येतात. कुठे विधुर बापानं किंवा विधवा आईनं गरज नसताना हेच रकाने भरलेले असतात आणि कचेरीतल्या माणसानं ते आकडे खोडलेले असतात, कारण नियमानं प्रश्न त्यांना लागूच नव्हता. खोडलेलं वाचता येतं, हे आपलं नशीब. त्याच वर्षी मताधिकार मागणाऱ्या अनेक स्त्रियांनी 'मत नाही तर मोजणीही नाही' म्हणत बहिष्कार घातला. एमिली वाइल्डिंग डेव्हिसन मोजणीच्या रात्री वेस्टमिन्स्टरच्या संसदभवनात तळघरातल्या प्रार्थनागृहाशेजारच्या कपाटात लपून राहिली, म्हणजे आपला पत्ता 'हाउस ऑफ कॉमन्स' असा लागावा. संसदभवनात सापडल्याची तिची नोंद झालीही.

हे तक्ते शंभर वर्षं बंद ठेवायचे, असा इंग्लंडचा रिवाज आहे. १९२१ चे तक्ते ६ जानेवारी २०२२ रोजी खुले झाले. पुढच्यासाठी मात्र थांबून उपयोग नाही. १९३१ चे तक्ते डिसेंबर १९४२ मध्ये हेस इथल्या गोदामाला लागलेल्या आगीत गेले आणि १९४१ ला युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. अमेरिकेत मुदत बहात्तर वर्षांची, त्यामुळे १९५० ची जनगणना तिथे १ एप्रिल २०२२ ला उघडली. आगीनं अमेरिकेलाही सोडलेलं नाही. १८९० चे तक्ते जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी इमारतीत काही जळाले, काही बंबाच्या पाण्यानं भिजले, आणि उरलेले पुढे रीतसर परवानगी काढून नष्ट करण्यात आले. आगीपेक्षा ही परवानगी मला जास्त खटकते.

अमेरिकेच्या तक्त्यांत आणखी एक भिंत आहे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं जाऊ लागलं. गुलामांसाठी वेगळा तक्ता होता. त्यात मालकाचं नाव वर आणि खाली वय, लिंग, वर्ण एवढंच. नावं जवळजवळ नाहीतच. गुलामी संपल्यावरची पहिली जनगणना १८७० ची. त्यामुळे काळ्या कुटुंबांना आपले बहुतेक पूर्वज नावानिशी पहिल्यांदा तिथे भेटतात. 'रूट्स'चा लेखक ॲलेक्स हेली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मायक्रोफिल्म फिरवत बसला तो याच जनगणनेसाठी, नॉर्थ कॅरोलायनातल्या अलामान्स काउंटीसाठी. आजीच्या ओसरीवर ऐकलेल्या गोष्टींमधला टॉम मरे हा लोहार आणि त्याची बायको आयरीन त्याला तिथे ओळीनं लिहिलेले सापडले. हेलीनं त्यामागच्या पिढ्यांची जी आफ्रिकेपर्यंतची साखळी जोडली, तिच्यावर वंशावळीच्या अभ्यासकांनी पुढे गंभीर आक्षेप घेतले. १८७० च्या नोंदी मात्र जागच्या जागी आहेत. त्यामागे जायचं तर जनगणना सोडून मालकांची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या धुंडाळाव्या लागतात. तिथे नावं सापडतात, कारण तिथे प्रत्येक नावापुढे किंमत लिहायची होती.

आता आपल्याकडे येऊ. भारतात देशभर एकाच वेळी घेतलेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्रीची. तेव्हापासून ती दर दहा वर्षांनी झाली, थेट २०११ पर्यंत. गेरूनं भिंतीवर घराचे नंबर घातले गेले, तलाठी, कुलकर्णी आणि मास्तर प्रगणक झाले, रकानेही भरले. नावाचा रकाना होताच. मग आपले आजोबा त्यात का सापडत नाहीत?

कारण ते कागद राहिले नाहीत. १९०१ पासून मोजणीसाठी चिठ्ठ्यांची पद्धत आली. तक्त्यातल्या प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी करायची, धर्माप्रमाणे रंग वेगळा, बाकीची माहिती खाणाखुणांनी, आणि मग गठ्ठे लावून मोजायच्या. मोजायला नाव लागत नाही. आकडे छापून झाले की तक्त्यांची आणि चिठ्ठ्यांची रद्दी. कोट्यवधी माणसांचा तो पसारा जपून ठेवायला जागा नव्हती आणि इच्छाही नव्हती. वर १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमानं जनगणनेच्या नोंदी पाहायला कुणालाही बंदी घातली. पुराव्यात त्या चालत नाहीत आणि शंभर वर्षांनी उघडण्याची सोय कायद्यात नाही. सरकारला खरी माहिती मिळायची तर लोकांना निर्धास्त वाटायला हवं, हा हेतू योग्यच. पण त्यामुळे इंग्लंडमधल्या माणसाला फोनवर दिसणारे पणजोबा आपल्याला कधीच दिसणार नाहीत.

याला ठळक अपवाद आसामचा. १९५१ च्या जनगणनेवरूनच गावोगाव घरवार नावांची एक नोंदवही तयार झाली होती, राष्ट्रीय नागरिक नोंदवही. तिचं अद्ययावतीकरण झालं तेव्हा तीन कोटी तीस लाखांवर लोकांना आपला बाप किंवा आजा त्या नोंदवहीत, नाहीतर २४ मार्च १९७१ पर्यंतच्या मतदारयादीत आहे, हे दाखवावं लागलं. नुसतं नाव दाखवून भागत नव्हतं, त्याच्याशी आपलं नातंही कागदानं जोडायचं होतं. पूर्वज शोधणं इतर ठिकाणी हौस असते, तिथे ती नागरिकत्वाची अट झाली. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीत १९,०६,६५७ जण बाहेर राहिले. ज्यांचं शिक्षण नाही, ज्यांचं लग्न लहानपणी दुसऱ्या गावात झालं, अशा बायकांना बापाशी नातं जोडणारा कागद मिळवणं सगळ्यात अवघड गेलं.

महाराष्ट्रात आजोबा शोधण्याची गरज बहुतेकांना पडते ती जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी. तारखा ठरलेल्या आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेपूर्वीचा घरातल्या कुणाचा तरी पुरावा हवा. म्हणून मुलाचा प्रवेश जवळ आला, की बाप तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूमसमोर उभा राहतो.

तिथे मागायचं ते पहिलं म्हणजे कोतवाल बुक, सरकारी भाषेत गाव नमुना नंबर चौदा, जन्म-मृत्यूची नोंदवही. जुनं पान पाहिलं तर मजकूर मोडीत, बोरूचा, शाई तपकिरी झालेली. तारीख, बापाचं नाव, जात. मुलाच्या नावाच्या जागी बहुधा नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी', कारण कोतवालानं खबर दिली तेव्हा बारसं झालेलंच नसायचं. त्यामुळे पाच भावंडांपैकी ही नोंद कुणाची, हे वर्षांचा मेळ घालून ठरवावं लागतं. मृत्यूच्या नोंदीत मात्र पूर्ण नाव मिळतं, शिवाय कारण: ताप, पटकी, गाठीचा आजार. एकाच महिन्यात पानंच्या पानं एकाच कारणानं भरलेली दिसली तर ते प्लेगचं नाहीतर इन्फ्लुएंझाचं वर्ष समजावं.

दुसरा कागद शाळेचा, जनरल रजिस्टरचा उतारा. तो विश्वासाचा, पण जन्मतारखेपुरता नव्हे. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो तो मास्तरांच्या कृपेनं. इंग्लंडमध्ये प्रगणक वय पाचाच्या पटीत आणत होते, आपल्याकडे मास्तर ते शाळा उघडण्याच्या दिवसात आणत होते.

तिसरा आणि सगळ्यात भरवशाचा म्हणजे जमिनीचा. फेरफार, कडईपत्रक, मराठवाड्यात खासरा पत्रक. फेरफार नोंदवही नीट वाचली तर ती घरातली भांडणंही सांगते. कोण मयत झाला, वारस कोण लागले, कुणी हरकत घेतली, सर्कल अधिकाऱ्यानं काय निकाल दिला. जमिनीमागे सारा होता, म्हणून हे कागद पिढ्यान्‌पिढ्या बासनात बांधून ठेवले गेले.

याहून मागे जायचं तर पुण्याचा पुराभिलेख. पेशवाईतल्या खानेसुमारीच्या याद्या तिथे आहेत, गावातल्या घरांची पेठवार, जातवार मोजणी. पण नाव असतं ते घरधन्याचं, ज्याच्याकडून पट्टी घ्यायची त्याचं. एकोणिसाव्या शतकात इनाम कमिशन बसलं आणि १८५२ चा अकरावा कायदा झाला, तेव्हा इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला. त्यांनी कैफियती दिल्या, सोबत वंशावळी जोडल्या. लोकांनी शिव्याशाप दिलेल्या त्या कमिशनमुळे आज कित्येक घराण्यांच्या सात-आठ पिढ्या एका कागदावर मिळतात. अर्थात वंशावळ इनामासाठी रचलेली आहे, हे विसरू नये. निपुत्रिक चुलत्याच्या नावावर दत्तक 'आठवलेला' तिथे सापडू शकतो.

इनाम नव्हतं, जमीन नव्हती, त्यांचं काय? महार कुटुंबांची नावं वतनाच्या रजिस्टरात आहेत. गावकामाचं वतन होतं, पाळी कुणाची हे ठरवायला वतनदारांची यादी लागे, आणि १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं जाईपर्यंत ती ठेवली गेली. ज्या वतनाला डॉ. आंबेडकरांनी गुलामगिरी म्हटलं, त्याचेच कागद आज नातवंडांच्या पुराव्याला लागतात. फासेपारधी, कैकाडी, टकारी यांच्याकडे तेही नाही. फिरस्त्या माणसाचा जन्म कुठल्या कोतवालानं नोंदवायचा? त्यांची नावं लिहिली ती पोलिसांनी, गुन्हेगार जमाती कायद्याखालच्या रजिस्टरात आणि सोलापूरसारख्या सेटलमेंटच्या हजेरीत. तो कायदा १९५२ मध्ये गेला. आजा निर्दोष असल्याचा कागद नाही, पण सरकारनं त्याला गुन्हेगार ठरवल्याचा आहे, आणि पडताळणी समितीपुढे तोच ठेवावा लागतो.

अलीकडे मराठा आरक्षणाच्या वादात मराठवाड्यात कुणबी नोंदींचा जो शोध झाला त्यात हा सगळा पट एकदम उघडा पडला. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कचेऱ्याकचेऱ्यांतून मोडी वाचणारे बसवले गेले. निजामकाळातल्या जनगणनेचा आणि हैदराबाद गॅझेटचा उल्लेख तेव्हा घरोघर झाला. पण गॅझेटियर आणि जनगणनेचा अहवाल हे आकड्यांचे ग्रंथ आहेत. त्यात कुणबी किती ते मिळतं, कोण ते मिळत नाही. आकड्यापासून माणसापर्यंत यायला पुन्हा कोतवाल बुक आणि खासराच लागतो. बाजू कुठलीही घ्या, ही अडचण कागदाची आहे.

समुद्रापलीकडे गेलेल्यांची गोष्ट उलटी. मुंबई बंदरातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या माणसांची प्रत्येकाची नोंद झाली: नंबर, नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जिल्हा, उंची, अंगावरची खूण, आणि पुढे फोटोही. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ती रजिस्टरं आहेत. गावात राहिलेल्या सख्ख्या भावाचा मागमूस नाही आणि पाच वर्षांच्या करारावर गेलेल्याची भुवईवरची जखमसुद्धा लिहिलेली आहे. पळाला तर शोधायला उपयोगी पडावी म्हणून.

इथवर आलो तरी आजी कुठेच भेटली नाही. इंग्रजी अमदानीतल्या जनगणनेत घरच्या स्त्रीचं नाव सांगायला संकोच वाटला तर नुसतं 'स्त्री' लिहिण्याची मुभा होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मतदारयादीत देशभरातल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं अशीच गळाली, कारण त्यांनी अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं होतं. त्यातल्या बहुसंख्य बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत आणि राजस्थानकडच्या. आपल्याकडे अडचण वेगळी: लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायचं. माहेरची ठकूबाई सासरच्या कागदांवर लक्ष्मीबाई होते आणि दोघी एकच, हे सांगणारं माणूस हयात नसतं.

तिच्यासाठी तिच्या बापाच्या गावी जावं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर तो वारला असेल तर वारसाच्या फेरफारात भावांच्या जोडीनं बहिणींची नावं लागलेली असतात, निदान इतर हक्कांत, आणि तीही सासरच्या नावानं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी बहुतेक घरांत हक्कसोडपत्र होतं. त्यात तिचं वय असतं, नवऱ्याचं नाव, राहण्याचं गाव, भावांशी नातं आणि खाली अंगठा. दस्त नोंदवलेला असला तर दुय्यम निबंधकाच्या सूची क्रमांक दोनमध्ये तो मिळतो. शोधाची फी वर्षांच्या हिशेबानं भरायची असते, म्हणून जाताना बापाच्या मृत्यूचं साल आधी कोतवाल बुकातून काढून न्यावं आणि तिथून पुढची तीन-चार वर्षं मागावीत.